कामाचा टॉर्च निवडताना ल्युमेनच्या आकड्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला नुकतेच लागलेले एक तरुण आहेत. पॅनल, केबल ट्रेंच, मिल हाउसमधल्या मोटरी हे रोजचं काम. घरी ऊस आहे, शेतीला रात्रीची लाइट असली की वडील दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जातात. खिशात मावेल आणि दोन्हीकडे चालेल असा टॉर्च हवा, दोन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. दुकानदार आठशे रुपयांत "दहा हजार ल्युमेन, वीस तास बॅकअप" लिहिलेला झूमचा टॉर्च देतोय. तो घ्यावा का, आणि नाही तर कोणता?

तो घेऊ नका. डब्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा खोटा आहे. तो खोटा का, हे एकदा हिशेबाने समजून घेतलंत तर पुढे कुठल्याही दुकानात तुमची फसवणूक होणार नाही.

अशा टॉर्चमध्ये बहुधा 18650 जातीचा एक लिथियम सेल असतो, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. या मापात चांगल्या कंपनीचा सेल साधारण 3500 एमएएचचा मिळतो. व्होल्टेज सरासरी 3.6. गुणाकार केला की साडेबारा वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा येते. आता चांगला एलईडी टॉर्चमध्ये बसवल्यावर एका वॅटला ढोबळमानाने शंभर ल्युमेन देतो. म्हणजे दहा हजार ल्युमेनला शंभर वॅट लागले. साडेबारा वॅट-तास शंभर वॅटला किती पुरणार? साडेसात मिनिटं. तीही कागदावर, कारण शंभर वॅटची उष्णता मुठीएवढ्या ॲल्युमिनियमला झेपत नाही, टॉर्च हातात धरवणार नाही.

हाच हिशेब उलटा लावून बघा. शंभर ल्युमेनला एक वॅट, म्हणजे तोच सेल बारा तास. तीनशे ल्युमेनला तीन वॅट, म्हणजे चार तास. तुमची शिफ्ट आठ तासांची, त्यात टॉर्च प्रत्यक्ष पेटलेला असतो तो तुकड्या-तुकड्यांनी. शंभर-दीडशे ल्युमेनवर एका सेलमध्ये पूर्ण शिफ्ट आरामात निघते.

माझं सगळं सांगणं या आकड्यांभोवतीच आहे. कामाचा टॉर्च आयुष्यातला बहुतेक वेळ तीस ते दीडशे ल्युमेनवर जळतो. हजार ल्युमेन लागतात ते कधीतरी, मिनिटभर, लांबचं काही बघायला. म्हणून टॉर्च निवडायचा तो त्या खालच्या पातळ्यांवर कसा वागतो हे बघून: तिथे उजेडाचा रंग खरा आहे का, उजेड स्थिर आहे का, तो लुकलुकतो का, आणि सेल उतरत आला तरी तेवढाच राहतो का. दुकानात मात्र सगळे कमाल उजेड भिंतीवर पाडून दाखवतात.

डब्यावरचे आकडे वाचायची एक रीत आहे. नामांकित कंपन्या एफएल-वन नावाच्या मानकाप्रमाणे मोजमाप देतात. त्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर किमान अर्ध्या मिनिटाने, आणि चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. "1000 ल्युमेन, 3 तास" याचा अर्थ तीन तास हजार ल्युमेन असा नाही. खिशातला टॉर्च मिनिट-दोन मिनिटांत तापतो आणि स्वतःहून तीनशे-चारशेवर उतरतो. हा दोष नाही, ते संरक्षण आहे. फरक पडतो तो त्यानंतर. एलईडीला वीज पुरवणारं ड्रायव्हर सर्किट चांगलं असलेला टॉर्च उतरलेल्या पातळीवर तासन्‌तास एकसारखा राहतो. साध्या सर्किटचा टॉर्च पहिल्या मिनिटापासून मंदावत जातो, आणि डोळा त्या मंदपणाला सरावत असल्यामुळे तुम्हाला ते कळतही नाही. तुम्हाला एवढंच जाणवतं की आज वायरींच्या फेरूलवरचे (ओळखीच्या रिंगांवरचे) नंबर वाचायला त्रास होतोय. खरेदीआधी त्या मॉडेलचा वेळ आणि उजेडाचा आलेख कोणी मोजून टाकलाय का ते शोधा. आडवी सपाट रेघ दिसली पाहिजे.

आणखी एक. डोळ्याला दुप्पट उजेड वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात. त्यामुळे आठशे ल्युमेनचा आणि हजार ल्युमेनचा टॉर्च शेजारी धरला तरी फरक ओळखू येत नाही. त्या दोनशेसाठी जास्त पैसे मोजू नका.

आता पॅनलकडे येऊ. इथे रंगाचं महत्त्व सगळ्यात जास्त आहे, आणि बाजारात त्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. हा थर स्वस्तातला असला की उजेड निळसर-पांढरा पडतो आणि त्यात लाल रंगाचा भाग फारच थोडा असतो. उजेडात रंग किती खरे दिसतात हे सीआरआय या आकड्याने सांगतात. सूर्यप्रकाश 100, साधा एलईडी 70 च्या आसपास, चांगला 90 च्या वर. गडद लालसाठी आर-नऊ म्हणून वेगळा आकडा आहे, तो स्वस्त एलईडीत बरेचदा शून्याच्याही खाली जातो.

याने कामात काय फरक पडतो ते सांगतो. जुन्या फीडरचं दार उघडलंय, लाल-पिवळ्या-निळ्या फेजच्या केबली खाली कॉन्टॅक्टरला (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचला) येऊन लागल्यात. पिवळ्या फेजचा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा जोड, सैल आहे, हंगामभर तापतोय. त्याच्या स्लीव्हचा पिवळा रंग लगच्या बाजूला दोन बोटं किंचित तपकिरी झालाय, आणि तांब्याची लकाकी जाऊन त्यावर जांभळट झाक आलीय. निळसर स्वस्त उजेडात तो स्लीव्ह नुसता मळलेला दिसतो. कारखान्यात बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ सगळीकडे असतेच, म्हणून तुम्ही तो मळ समजून पुढे जाता. नव्वदच्या वरच्या सीआरआयचा, चार-पाच हजार केल्व्हिनचा (उजेड पिवळसर की निळसर हे सांगणारा आकडा) टॉर्च लावला की मळ वेगळा दिसतो आणि भाजलेपण वेगळं. तसंच लाल आणि तपकिरी कंट्रोल वायर, रेझिस्टरवरचे नारिंगी आणि लाल पट्टे, तेलाची गळती आणि पाण्याचा ओघळ. हे सगळं रंगावर ओळखायचं काम आहे. चांगल्या रंगाच्या बदल्यात थोडे ल्युमेन कमी मिळतात, ते खुशाल सोडा.

टॉर्च धरायचा कसा हेही याच ओघात सांगतो. समोरून सरळ मारलेला उजेड सगळं सपाट करतो, शिवाय बसबारवरून, म्हणजे वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवरून, परावर्तित होऊन डोळ्यांवर येतो. टॉर्च बाजूला घेऊन पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, तिरपा धरा. इन्सुलेटरवरची केसाएवढी चीर, ट्रॅकिंगची (पृष्ठभागावरून वीज झिरपल्याची) काळी रेघ, गॅस्केटमधून झिरपलेलं तेल, सगळं आपापल्या सावलीने उठून दिसतं. आणि उजेड पन्नास-साठ ल्युमेनच ठेवा. पॅनलच्या आत हजार ल्युमेन मारले तर पुढची काही मिनिटं कोपऱ्यातलं काहीच दिसत नाही.

यापेक्षा गंभीर बाब लुकलुकण्याची आहे. स्वस्त टॉर्च उजेड कमी करण्यासाठी एलईडीला सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला तो सलग वाटतो. पण चार पोलच्या, मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या मोटरचा पंखा सेकंदाला 24 वेळा फिरतो. त्याला चार पाती असतील तर सेकंदाला 96 पाती एका जागेवरून जातात. शंभरने लुकलुकणाऱ्या उजेडात तो पंखा सावकाश उलटा फिरताना दिसतो, आणि आकडे जुळले तर चक्क थांबलेला दिसतो. कपलिंगचे बोल्ट, पुलीचे आरे यांचंही तसंच. मिल हाउसच्या आवाजात मोटर चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही, माणूस डोळ्यावर विश्वास ठेवतो आणि हात घालतो. म्हणून टॉर्च घेतल्या घेतल्या ही परीक्षा करा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च सगळ्यात कमी उजेडावर लावा आणि त्याच्या झोतात पेन जोरात इकडून तिकडे हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. पेनाच्या सुट्या सुट्या आकृत्या दिसल्या तर तो टॉर्च घरात ठेवा, फिरत्या यंत्राजवळ नेऊ नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर अशा उजेडात काळे पट्टे सरकतानाही दिसतात. टॉर्च कितीही चांगला असला तरी मशीन बंद आहे की नाही हे आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच), कुलूप आणि टेस्टर ठरवतात, टॉर्च नाही.

पॅनलमधली दुसरी काळजी टॉर्चच्या अंगाची. चांगले टॉर्च ॲल्युमिनियमचे असतात. त्यावरचा ॲनोडायझिंगचा थर वीज अडवतो खरा, पण एक ओरखडा पडला की संपलं. चालू बसबारवर असा टॉर्च आडवा पडला तर फ्लॅश होणार आणि तो समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर येणार. शेपटीत लोहचुंबक असलेले टॉर्च मोटरच्या बॉडीला, गाडीच्या बॉनेटला चिकटवायला फार सोयीचे, मी स्वतः तेच वापरतो. पण चालू पॅनलच्या आत, बसबारच्या वर, चुंबकाच्या भरवशावर टॉर्च टांगू नका. कॉन्टॅक्टर ओढला गेला की पॅनल हादरतं आणि टॉर्च सुटतो. चालू पॅनलजवळ प्लॅस्टिक बॉडीचा हेडलॅम्प हेल्मेटवर लावा, दोन्ही हात मोकळे राहतात. टॉर्च दातांत धरायची सवय अनेकांना असते, ती पहिल्यापासून लागू देऊ नका. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी चुंबकाचा टॉर्च शर्टाच्या खिशात ठेवायचा नाही, छातीपासून वीतभर तरी लांब राहू दे.

तुमच्या कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. इथेनॉलची वाफ, बायोगॅस, पेंटचं थिनर, पेट्रोल अशा जागी साधा टॉर्च चालत नाही, तो किती महाग आहे याचा संबंध नाही. स्विचमधली बारीक ठिणगीही पुरते. तिथे स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित टॉर्चच न्यायचा. आपल्याकडे ही मान्यता पेसो म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना देते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. प्रमाणपत्रात तो टॉर्च कोणत्या झोनसाठी आणि कोणत्या वायुगटासाठी आहे हे लिहिलेलं असतं, ते सेफ्टी विभागाकडून पडताळून घ्या. असा टॉर्च आत गेल्यावर उघडायचा नाही, सेल बदलायचे ते बाहेर येऊन. हा टॉर्च कंपनीने द्यायचा असतो, स्वतःच्या खिशातून घेऊ नका आणि मागायला संकोच करू नका. मळीच्या टाकीत किंवा कुठल्याही बंद टाकीत टॉर्च घेऊन नुसतं वाकून बघणंही नको. आत आंबून कार्बन डायऑक्साइड साठलेला असू शकतो. आधी वायू मोजणी, परमिट, बाहेर माणूस, मग बाकीचं. घरी गॅसचा वास आला तरी ठिणगीचा धोका तोच: आत जाऊन टॉर्चचं बटण दाबू नका.

आता शेत. इथली गरज पॅनलपेक्षा वेगळी आहे, आणि दोन वेगवेगळे उजेड लागतात.

पहिला पायापुरता. ओल्या सरीत बेडूक आणि उंदीर येतात, त्यांच्यामागे साप येतो. मण्यार तर रात्रीच हिंडते, नाग-घोणसही उन्हाळ्यात रात्री बाहेर असतात. कोकणात आणि मुरमाड माळाला फुरसं. पायापुढच्या दोन-तीन मीटरच्या टापूत रुंद, सौम्य, कडेपर्यंत पसरलेला उजेड हवा. झूमच्या टॉर्चचा इथे काही उपयोग नाही. त्याचा गोल किंवा चौकोनी ठिपका पडतो आणि त्याच्या बाहेर काळोख, साप नेमका त्या काळोखात असतो. झूम करताना पुढची नळी मागे-पुढे सरकते, त्या फटीतून पाणी आत जातं हे वेगळंच.

हेडलॅम्पबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. उजेड कपाळावरून, म्हणजे डोळ्याच्याच रेषेतून गेला की वस्तूची सावली वस्तूच्या मागे लपते आणि जमीन सपाट दिसते. बांधावरचा खड्डा, आडवी पडलेली मण्यार, पाचटाखालचा दगड यांना उठाव मिळत नाही. तोच उजेड कमरेच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवरून तिरपा पडला की प्रत्येक वस्तूची लांब सावली पडते आणि नजर आपोआप तिथे जाते. म्हणून चालताना टॉर्च हातात, कमरेखाली. फावड्याने पाण्याचं बारं फोडताना, मोटरचा स्टार्टर बघताना हेडलॅम्प. पावसाळी धुक्यातही हाच नियम लागू आहे. कपाळावरचा दिवा समोरच्या थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो, खाली धरलेला येत नाही. कळसूबाईला किंवा हरिश्चंद्रगडाला रात्री चढणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. पिवळसर उजेडावर किडे कमी येतात, तोंडाजवळच्या दिव्याला हा फायदा मोठा आहे.

दुसरा उजेड लांबचा. उसाच्या कडेला काय हललं, बांधापलीकडे पाणी फुटलंय का, हे बघायला. इथे ल्युमेन सोडा आणि कँडेला बघा. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती एकवटलाय. मानकातलं अंतर काढायचं सूत्र सोपं आहे: कँडेलाचं वर्गमूळ गुणिले दोन. 10,000 कँडेला म्हणजे 200 मीटर. पण त्या 200 मीटरवर पडणारा उजेड असतो पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथे काहीतरी आहे एवढं दिसतं, काय आहे ते दिसत नाही. ओळखू येण्यासाठी लिहिलेल्या अंतराचा तिसरा हिस्सा धरा. जुन्नर, शिरूर, संगमनेर या पट्ट्यांत बिबट्या उसातच राहतो, तिथे शंभर मीटरवरचे चमकणारे डोळे दिसणं गरजेचं आहे, म्हणजे तीनशे मीटरचा टॉर्च हवा. तुमच्याकडे तसं नसेल तर दीडशे-दोनशे मीटर पुष्कळ झाले, आणि तेवढं खिशातल्या साध्या टॉर्चमध्ये मिळतं. खडबडीत, संत्र्याच्या सालीसारख्या रिफ्लेक्टरचा टॉर्च घेतलात तर मधे थोडा एकवटलेला आणि भोवती भरपूर पसरलेला उजेड मिळतो. एकच टॉर्च दोन्हीकडे वापरायचा असेल तर हा मध्यम मार्ग मला सगळ्यात पसंत आहे.

सेलचं सांगितल्याशिवाय ही निवड पुरी होत नाही, कारण लोक टॉर्चला पैसे घालतात आणि सेल रस्त्यावरून घेतात.

18650 वर 6800, 9900 एमएएच असं काही लिहिलेलं दिसलं की तो सेल खोटा, पुढे बघायचीच गरज नाही. खात्री करायची तर सोनाराच्या काट्यावर ठेवा. खरा सेल 45 ते 49 ग्रॅम भरतो. तीस ग्रॅमच्या आसपास आला तर आत माल नाही. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मुराता यांचे अस्सल सेल विश्वासाच्या दुकानातून घ्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे मिळतात, पण तिथेही वजन करूनच. सुटा लिथियम सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीही ठेवू नका, शॉर्ट होऊन मांडी भाजते. दोन-पाच रुपयांची प्लॅस्टिकची डबी मिळते, तिच्यात ठेवा. वरचं वेष्टन फाटलं असेल तर सेल वापरू नका. दोन-तीन लिथियम सेल एकामागे एक घालायचे टॉर्च टाळा. त्यातला एक कमजोर निघाला तर दुसरे त्याला उलटे ढकलतात आणि प्रकरण आगीपर्यंत जाऊ शकतं. एक सेल, एक टॉर्च हे सुरक्षित.

सेल बाहेर काढता येणाराच टॉर्च घ्या. आत कायमचा बसवलेला सेल काही वर्षांनी थकला की सगळा टॉर्च भंगारात जातो. काही कंपन्या स्वतःच्या खास बनावटीचेच सेल चालतील अशी रचना करतात, तेही नको. टाइप-सीचं चार्जिंग टॉर्चमध्येच असणं सोयीचं, फक्त स्वस्त टॉर्च दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत. त्यात एक छोटा रेझिस्टर टाकलेला नसतो. जुन्या चपट्या यूएसबीची केबल लावली की चालतात, त्यामुळे टॉर्च बिघडला समजून परत करू नका. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण हीच पाणी शिरायची जागा. मळीचे हात, बगॅसची धूळ आणि शेतातला चिखल धुवायला टॉर्च नळाखाली धरावा लागतो, म्हणून आयपी-67 किंवा 68 बघा. पहिला सहा म्हणजे धूळबंद. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून खोल. आट्यांवरच्या रबरी रिंगला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन किंवा बेअरिंगचं ग्रीस लावू नका, काही जातींचं रबर त्याने फुगतं.

पेन्सिल सेलचे टॉर्चही वाईट नाहीत. आडगावच्या किराणा दुकानातही सेल मिळतो हा मोठा गुण. पण एका पेन्सिल सेलमध्ये ऊर्जा जेमतेम अडीच वॅट-तास, शंभर ल्युमेनवर दोन-अडीच तास. तुमच्या शिफ्टला ते अपुरं. घेतलात तर रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल घाला. साधे सेल महिनोन्‌महिने आत राहिले की पाझरतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. पेन्सिल सेलच्याच मापाचा 14500 नावाचा लिथियम सेल मिळतो, तो 3.6 व्होल्टचा असतो. टॉर्चवर स्पष्ट लिहिलं असेल तरच तो घाला, नाही तर सर्किट जळेल.

बटणाबद्दल थोडक्यात. हातमोजे घालून बटण सापडलं पाहिजे, एका दाबात उजेड आला पाहिजे, आणि तो आला पाहिजे शेवटच्या वापरलेल्या पातळीवर किंवा कमी पातळीवर. दर वेळी स्ट्रोबच्या, म्हणजे झपझप चमकणाऱ्या उजेडाच्या, पायरीवरून पुढे जावं लागत असेल तो टॉर्च कामाचा नाही. खिशात चुकून लागून पँटला भोक पडू नये म्हणून लॉक हवं. बऱ्याच टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव आटा सैल केलं की टॉर्च लागत नाही, ते सगळ्यात भरवशाचं. क्लिप मजबूत हवी, कारण ट्रेंचवर वाकलात की शर्टाच्या खिशातलं सगळं खाली जातं. एक-दोन ल्युमेनची पातळी असलेला टॉर्च मिळाला तर जरूर घ्या. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मोठ्या उजेडाने ती क्षणात वाया जातात.

तर घ्यायचा कोणता? मॉडेलं दर एक-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून खुणा लक्षात ठेवा: एक 18650 सेल, नव्वदच्या वर सीआरआय, चार ते पाच हजार केल्व्हिन, खडबडीत रिफ्लेक्टर, लुकलुक नाही, धूळ-पाण्यापासून बंद. वर्कोसचा एफसी-11-सी यात जवळपास सगळीकडे बसतो. त्यात जपानच्या निचिया कंपनीचा 519-ए एलईडी आहे, रंग अप्रतिम दाखवतो. (निळ्या एलईडीसाठी 2014 चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी नाकामुरा यांनी आपलं काम याच कंपनीत केलं.) मागे चुंबक आहे, बटण बाजूला आहे. मागच्या बटणाचा हवा असेल तर कॉन्व्हॉयचा एस-2-प्लस, त्यात एलईडी मागताना सीआरआय विचारून घ्या. फिनिक्सचे टॉर्च दणकट आणि मापं प्रामाणिक, पण बहुतेक तुमच्या बजेटबाहेर जातील आणि बरेचसे कमी सीआरआयचे असतात. बाहेरून मागवताना आयात शुल्क धरून किंमत काढा. दोन हजारांतले चारशे-पाचशे सेलसाठी आधीच बाजूला काढा. टॉर्च थोडा साधा आला तरी चालेल, सेल साधा नको.

वडिलांना मात्र तुमचा टॉर्च देऊ नका, त्यांचा वेगळा घ्या. बटण दाबून धरा, दोनदा दाबा, असल्या खुणा रात्री ओल्या हातांनी कोणी लक्षात ठेवत नाही. त्यांना मागे एकच कडक बटण असलेला, फार तर दोन पातळ्यांचा टॉर्च द्या, आणि बरोबर एक साधा हेडलॅम्प. पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर घेतलात तरी चालेल, पण रात्रीच्या पाळीआधी घ्या. तिन्ही गोष्टी 18650 सेलच्याच घ्या. चार्जर एकच लागेल, चार सेल फिरते ठेवता येतील, आणि दारं धरताना त्यांचा सेल उतरला तर तुमच्या टॉर्चमधला काढून त्यांना लावता येईल.